नऊचा दोर, सातची दोरी

१२ ऑगस्ट, गुरुवार

टाच मोडली तेव्हा ही वही फिजिओथेरपीवालीनं दिली होती. रोज कुठं किती दुखलं ते लिहीत जा, असं तिनं सांगितलं होतं. नऊ दिवस लिहिलं आणि सोडून दिलं. आज ती पानं फाडून टाकली.

सकाळी व्हर्नामावशीचा फोन आला. ही आईची चुलत बहीण. टेकडीवर एकटी राहते, वय एकोणसत्तर. एकतीस वर्षं तिनं विजेच्या तारांजवळची झाडं छाटली, दोरावर लोंबकळत, हातात करवत घेऊन. टोळीत बाकी सगळे बाप्ये. दोन वर्षांत तिचा एकदाही फोन नव्हता. 'कशी आहेस' वगैरे काही बोलूच दिलं नाही तिनं.

"ओरिन, यंदा झाडावर जाणारेस, का कारखान्यातलं चीज खात घरीच बसणारेस?"

"अजून काही ठरवलं नाही."

"सॅडल मागवलंस, म्हणजे ठरवलंच की. रविवारी घेऊन ये."

सॅडलचं मी फक्त जोलीनला सांगितलं होतं. बायकोच्या पोटात काही राहत नाही हे खरं, पण बातमी टेकडीवर कशी पोचली, देव जाणे.

सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायची पट्ट्यांची झोळी. ती दोरानं खोडाला अडकवायची, पाय वीतभर फळीवर टेकवायचे, मागं रेलायचं आणि हरणाची वाट बघायची. मचाणावर बसायला जागा तरी असते. इथं सगळा भार एका दोरावर, आणि त्या दोरावरच्या एका गाठीवर.

दोन वर्षांपूर्वी मचाणाचा पट्टा तुटला आणि मी चौदा फुटांवरून खाली आलो. तेव्हापासून छपराची पन्हाळसुद्धा जोलीन साफ करते. मी खाली शिडी धरून उभा असतो आणि वर बघत नाही. सॅडल तरी कशाला मागवलं, तेही धड सांगता येणार नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

चर्चहून तसाच टेकडीवर गेलो. मावशीच्या अंगणात तिचा ट्रक उभा होता, चाकांना गुडघाभर गवत. विचारलं तर म्हणाली, क्लच गेलाय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमच्याकडे आहे तशीच निळी बशी होती. चर्चच्या सेलमध्ये सगळ्यांनीच घेतल्या असणार.

मी माझं सामान मांडलं. खोडाला बांधायचा दोर नऊ मिलिमीटरचा. त्यावर गाठ मारायची दोरी आठची. ही गाठ दोराला वळसे घालून मारतात. हातानं ढकलली की सरकते, वजन पडलं की आवळते. मावशी तिला नुसतं 'पकड' म्हणते.

तिनं दोरी घेतली, अंगठा आणि बोट यांच्यात दोनदा फिरवली. "आठ?"

"हो. सगळ्यात जाड तीच होती. म्हटलं, आता कसलाही धोका नको."

"पाकिटावर काय लिहिलंय ते वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

मी वाचून दाखवलं. ती माझ्या कानाशेजारून पलीकडं बघत ऐकत होती. रागावली की ती तोंडाकडं बघतच नाही, ही तिची तऱ्हा.

मग तिनं मला शेडमागच्या मेपलच्या झाडाला बांधलं. जमिनीपासून गुडघाभर उंच, त्याहून जास्त नाही. म्हणाली, "आता रेल."

मी रेललो. गाठ क्षणभर थबकली आणि मग सावकाश, अगदी सभ्यपणे, दोरावरून घसरत गेली. मी गवतात जाऊन बसलो.

"कळलं?"

"गाठ चुकली असेल माझी."

"गाठ बरोबर आहे. दोर नऊचा नि दोरी आठची, दोन्ही जवळजवळ सारखीच. जाड दोरीला इतक्याशा दोराभोवती नीट वाकताच येत नाही. वाकली नाही तर चावणार कशी? जाड म्हणजे मजबूत, हे दोरीपुरतं खरं. गाठीला नुसती ताकद असून भागत नाही, तिला दात लागतात."

मी पडलो ते मचाण बांधायला तीन लोक माझ्याबरोबर होते. त्यातलं कुणी मला असं काही समजावून सांगितलं नव्हतं.

निघताना म्हणाली, "मी शिकवीन. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू मला शिकारीला माझ्या ओकच्या झाडावर घेऊन जायचं. पलीकडच्या डोंगरधारेवरच्या. ट्रक बंद आहे ना."

एवढंच ना, म्हटलं. एका लिफ्टच्या बदल्यात एकतीस वर्षांचं शिक्षण.

१८ ऑगस्ट, बुधवार

मी दुसऱ्या टोकाला गेलो. चावायलाच हवं असेल तर बारीकच घेऊ, म्हणून पाचची दोरी आणली आणि मावशीला न विचारता घरच्या झाडाला अडकवून घेतलं. गुडघाभरच उंच. दोरी अशी चावली की गाठ हलेना. ती दोरात रुतून बसली होती. पायाखालची फळी निसटलेली, त्यामुळे भार काढता येईना. पाव तास मी तसाच लोंबकळत होतो. जोलीन पक्कड घेऊन आली, पण आधी पायरीवर बसून मनसोक्त हसली.

"सोडव ना आता."

"थांब जरा. दोन वर्षांत तुला पहिल्यांदा जमिनीच्या वर बघतेय."

मावशीला फोनवर सांगितलं. ती हसली नाही. "आधी अडकायचं, मग विचारायचं, हे तुझ्या आईचंच. पाचची उभ्या उभ्या तुझं वजन धरेल. पण पाय घसरून झटका बसला तर किती धरेल, ते बघायला मी तिथं नसणार. सहा नि सात घेऊन ये. बादलीसुद्धा आण."

२९ ऑगस्ट, रविवार

तीन रविवार लागले. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

मावशीच्या शेडमध्ये भिंतीवर खिळ्यांची रांग आहे, प्रत्येकावर एका जाडीच्या दोऱ्या. मी एक दोरी तिच्या पाठीमागून तिच्या हातात देतो आणि ती जाडी सांगते. एकदा पाकिटावर सात होतं. ती म्हणाली, "ही सात नाही, सव्वासात आहे." मी मापकानं मोजलं. सव्वासात. म्हणाली, पाकिटावर काय लिहिलंय ते बनवणाऱ्याला ठाऊक, बोटाला काय लागतं ते आपल्याला.

कोरड्यात सहा आणि सात दोन्ही नऊच्या दोरावर बसल्या. मग आम्ही बादलीनं घोड्याचा हौद भरून सगळं त्यात भिजवलं. सातची तीन वळशांवर किंचित उशिरा धरायला लागली. मग भिजलेला दोर गाठींसकट तिच्या फ्रीजरमध्ये, हरणाच्या सॉसेजशेजारी, रात्रभर ठेवला आणि सकाळी कामावर जायच्या आधी मी तो घेऊन मेपलला बांधला. सहाची धरून राहिली, पण सोडवायला दोन हात आणि दात लागले. तीन वळशांची सात वीतभर घसरली. चौथा वळसा घातला. एक इंचही हलली नाही, आणि हातमोजा घातलेल्या एका हातानं सुटली.

"म्हणजे सात, चार वळसे," मी म्हणालो.

"ह्या दोरावर, ह्या सातसाठी, तुझ्या वजनाला. दुसऱ्याला हे सांगत फिरू नकोस. त्याला म्हणावं, तू तुझी गुडघाभर उंचीवर बसवून बघ."

 एवढं ज्ञान असलेल्या बाईला गावात कुणी काही विचारायला जात नाही. सगळे मोबाइलवर बघून गाठी मारतात. जोलीनला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "मग घेऊन जा ना लोकांना."

११ सप्टेंबर, शनिवार

घेऊन गेलो. आमच्या चीजच्या कारखान्यातले चौघं आले. त्यातला डॅरल फोसे फोर्कलिफ्ट चालवतो आणि त्याला सगळं आधीपासूनच माहीत असतं. त्याचा दोर आठचा, नवा, अगदी हलका. दोरीही त्याच दोराचा तुकडा कापून केलेली.

"एकाच दोराची आहे," तो म्हणाला. "एकमेकांशी जुळणारच की."

"जुळ्यांनी एकमेकांना कधी धरून ठेवलंय?" मावशी म्हणाली. "बांध तिथं."

"आजी, मी गेल्या वर्षी वीस फुटांवर बसलो होतो."

"आणि तरी आलास. म्हणजे नशीब चांगलंय. पण ते दोरात विणलेलं नसतं. गुडघाभर उंच, चल."

गाठ घसरून डॅरल पेंढ्यात बसला तेव्हा बाकीचे तिघं इतके हसले की कोंबड्या शेडबाहेर पळाल्या. मावशी हसली नाही. तिनं त्याचा दोर बोटांत फिरवला, भिंतीवरून सहाची एक दोरी काढली आणि त्याला चार वळसे घालायला लावले. ह्यावेळी धरली. "कळलं का?" तिनं विचारलं. डॅरलनं मान हलवली.

"तोंडानं बोल. मान हलवलेली मला चालत नाही."

"कळलं, मॅडम," डॅरल म्हणाला. त्याला मी आजवर कुणाला मॅडम म्हणताना ऐकलेलं नाही.

 येताना गाडीत एकजण म्हणाला, "बाई कडक आहे." आणि डॅरल म्हणाला, "मी गेल्या वर्षी वीस फुटांवर होतो रे." ह्यावेळी ते वेगळ्या आवाजात.

२६ सप्टेंबर, रविवार

आज दहा फूट.

काय झालं ते तसंच लिहितो. शिडीचे तुकडे खोडाला बांधून झाले, कमरेचा दोर खोडाभोवती घेतला, चार पायऱ्या चढलो आणि पुढं जाता येईना. हात घामानं निसरडे. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मावशी खाली खोडावर तळहात ठेवून उभी होती, तोंड भलतीकडंच.

"तुझे पाय थरथरतायत," ती म्हणाली.

"तू बघत पण नाहीयेस."

"झाडाला कळतं. मला झाड सांगतं. उभा राहा तसाच, घाई नाहीये कुणाला."

किती वेळ तसा उभा होतो कळलं नाही. मग ती म्हणाली, "आता थांबले." आणि खरंच थांबले होते. वर गेलो, दोर बांधला, गाठ लावली, कडी अडकवली. रेलायच्या आधी डोळे मिटले. गाठीनं धरलं.

वर काहीच झालं नाही. दहा मिनिटं बसलो. एक खार आली आणि माझ्या बुटाकडं बघून परत गेली.

खाली आल्यावर मावशीनं दोर गुंडाळायला घेतला. शाबासकी वगैरे काही नाही. तिची शाबासकी म्हणजे ती तुमच्या हातातून दोर घेते.

१७ ऑक्टोबर, रविवार

तीनदा एकटा गेलो, बारा, चौदा, पुन्हा चौदा फूट. हरीण एकदाच दिसलं, तेही लांबून. तरी घरी येताना गाणं म्हणत होतो.

आज दुपारी पन्हाळ साफ केली. जोलीन दुकानातून आली तेव्हा मी छपरावर होतो. तिनं गाडी उभी केली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. रेडिओवर काहीतरी ऐकत असेल.

मावशीचा ट्रक अजून तसाच आहे. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. ती म्हणाली, तुझ्या ओळखीचे सगळे मचाण बांधणारे आहेत.

७ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. 

काल दुपारी एक वाजता मावशीला तिच्या धारेवर नेलं. ओकपर्यंतची वाट ती माझ्यापुढं चालली, पावलं मोजत, तोंडातल्या तोंडात. शिडीचे तुकडे आणि पायफळी मी बांधून दिली. दोर आणि गाठ तिनं स्वतः बांधली, हातमोजे काढून. सातची, चार वळशांची. अठरा फुटांवर ती अशी रेलली की जणू आरामखुर्ची. मी पंचवीस पावलांवर बासवुडच्या झाडावर होतो, सोळा फूट. धनुष्यं दोघांचीही वर ओढून घेतली.

तीनला बर्फाळ पाऊस सुरू झाला. पानांवर तांदूळ सांडावेत तसा आवाज. मी हातवारे करून विचारलं, उतरायचं का. तिनं उत्तर दिलं नाही. वाटलं, थांबायचंय.

चारच्या सुमाराला हरणाचा नर आला. आठ टोकांची शिंगं, मानेला हिवाळ्याची जाडी. तो ओकखाली मावशीपासून पंधरा पावलांवर उभा राहिला आणि ओकची फळं खाऊ लागला. माझ्याकडून मध्ये फांद्या होत्या, तिच्याकडून काहीच नव्हतं. तिनं धनुष्याला हात लावला नाही. नुसती ऐकत असल्यासारखी बसली होती. सहा-सात मिनिटं तो तिथं होता आणि मग धार उतरून गेला. मी मनात म्हटलं, हे माझ्याकडून कधी व्हायचं नाही. असा नर समोर असताना त्याला सोडून द्यायला माणूस मोठा लागतो.

मग ती उतरायला उठली, आणि फळीवर बर्फाचा पापुद्रा जमलेला. तिचा पाय गेला. फळी कलंडली. मावशी हातभर खाली आली, गाठीनं झटका खाल्ला आणि धरलं. ती खोडाभोवती फिरून पलीकडच्या अंगाला लोंबकळत राहिली, पाय अधांतरी. ओरडली नाही.

मी माझ्या झाडावरून कसा उतरलो आठवत नाही. ओकखाली पोचलो.

"मावशी, लागलं का?"

"नाही. पायाखाली काही नाहीये माझ्या."

"पायरी आहे. डाव्या गुडघ्याच्या शेजारीच. डावा पाय मागं घे."

तिनं पाय मागं घेतला, पायरीच्या खूप खालून फिरवला.

"वर. अजून वर. अगं, तिथंच आहे, बघ ना."

"मला दिसत नाही, ओरिन."

"बर्फ गेलाय का डोळ्यात?"

"नाही. एप्रिलपासून."

मला ते समजायला वेळ लागला. ती वरून शांतपणे बोलत होती. "नजरेच्या मधोमधलं सगळं गेलंय. कडेकडेचं उरलंय. बाकी खाली आल्यावर सांगते. आता तू वर ये, माझे पाय बधिर होतायत. घाई करू नकोस. कमरेचा दोर आधी."

कमरेचा दोर आधी. तिनं सांगितलं नसतं तर मी तसाच चढलो असतो.

पायऱ्यांवर बर्फ होता. प्रत्येक पायरी मुठीनं आधी साफ केली, मग पाय ठेवला. चढताना मला भीती वाटत होती, नव्हती वाटत असं लिहिणार नाही. पण तिच्या बुटाचे तळवे वर दिसत होते आणि मी त्यांच्याकडं बघत चढलो. पोचल्यावर तिचा डावा बूट हातात धरला आणि पायरीवर ठेवला.

"हीच?"

"हीच. आता उभी राहा."

ती उभी राहिली. गाठीवरचा भार गेला. तिनं हात वर करून गाठ चाचपली, एका हातानं ढकलली, आणि बर्फ लागलेल्या दोरावरून ती सरकली. तिनं कमरेचा दोर खोडाभोवती घेतला, मुख्य दोर सोडला. मग मी एक पायरी खाली, तिचा बूट हातात, पायरीवर ठेवायचा, मग पुन्हा एक पायरी. असे अठरा फूट. मध्ये एकदा म्हणाली, "तुझे पाय थरथरत नाहीयेत." मी तिचा बूट खालच्या पायरीवर ठेवला.

माझ्या ट्रकमध्ये हीटर लावला. तिच्या पायांत जीव यायला अर्धा तास गेला. मी विचारलं, "त्या नराला का सोडलंस?"

"सोडला कुठं? बाण आणलेच नव्हते. जे दिसत नाही त्याच्यावर बाण सोडायचा नसतो." मग थोड्या वेळानं, "ऐकलं मी त्याला. डावीकडं, फळं फोडत होता. मोठा होता?"

"आठ टोकं."

"आठ," ती म्हणाली, आणि काचेतून बाहेर बघत, म्हणजे बाहेर तोंड करून, कितीतरी वेळ हसत राहिली.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस मी रागात होतो. आज तिला जाऊन सांगितलं. अठरा फूट, बर्फ, आणि डोळे नाहीत. आणि चार जणांना तू शिकवलंस. त्यांना कळलं असतं तर?

"मी त्यांना बोटांनी शिकवलं," ती म्हणाली. "डोळ्यांनी मी कुणालाच कधी शिकवलं नाही. करवत हातात असली की डोळे फांदीवर असतात, गाठ हाताला दिसावी लागते."

"मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर नेलं असतंस?"

"नसतं नेलं."

"मग?"

 ती कॉफी ओतायला उठली. कपाच्या कडेवर बोट ठेवून ओतते ती, ही सवय मला आजवर नुसती सवय वाटत होती. ट्रकच्या क्लचला काही झालेलं नाही. तिनं स्वतःच किल्ली पाण्याच्या टाकीत टाकली, जूनमध्ये, मोह नको म्हणून.

"पण चूक माझी होती," ती म्हणाली. "फळीवर बर्फ जमलाय हे मला पायाला कळायला हवं होतं. आणि तुला न सांगता तुझा जीव माझ्या झाडावर चढवला, तीही चूकच." मावशी चूक कबूल करते आहे, हे ऐकून माझा राग कुठं गेला कळलं नाही.

संध्याकाळी जोलीनला सगळं सांगितलं. म्हटलं, बिचारीला ओकपर्यंत नेणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून ऑगस्टमध्ये मला फोन केला. नाहीतर तिला माझी आठवण कशाला येते.

"हो, तसंच असेल," जोलीन म्हणाली आणि भांडी पुसायला लागली. आमची निळी बशी बरेच दिवस घरात नव्हती, ती परत आलेली दिसली.

१४ नोव्हेंबर, रविवार

मावशीनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ह्यावेळी अकरा जण होते. तिनं आधी सांगून टाकलं, "मला तुमची तोंडं दिसत नाहीत. ज्याला हे चालत नसेल त्यानं जावं, त्याबद्दल कुणाला काही वाटून घ्यायचं नाही. ज्याला चालतं त्यानं आपला दोर माझ्या हातात द्यावा."

कुणी हललं नाही. मग डॅरल पुढं आला. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलणार. तो म्हणाला, "गुरुवारी मी गावात सामान आणायला जातो. येता-जाता तुम्हाला नेईन."

"गाठी मारतोस तशी गाडी चालवतोस का?"

"आता बऱ्या मारतो."

"मग ये. नऊ वाजता. उशीर झाला तर मी चालत निघेन, आणि मग तुला आयुष्यभर ऐकावं लागेल."

डॅरलनं मान हलवली. मग घाईघाईनं तोंडानं "हो" म्हणाला.

५ डिसेंबर, रविवार

आज आम्ही दोघं एकाच ओकवर गेलो. तिनं विचारलं होतं आणि तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं. जोलीनला हे मान्य नव्हतं. मग तिनं अटी घातल्या: आकाश स्वच्छ हवं, फळीवर खडबडीत पट्टी चिकटवायची, मावशीनं दोन दोर लावायचे. मावशीनं तिन्ही निमूट मान्य केल्या. ह्या दोघी कधीपासून एकमेकींचं ऐकायला लागल्या कुणास ठाऊक.

दुपारी दोनला वर होतो. थंडी कडक, वारा नाही. ती खोडाच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. धनुष्य माझ्याच हातात. तिचा खांदा माझ्या कोपराला लागत होता.

मी चाळीस वर्षं ह्या जंगलात येतो. मला वाटायचं, मी ऐकतो. आज कळलं की मी नुसती वाट बघतो. ती पुटपुटत सांगत होती: खाली ओढ्याशी टर्की आहेत, चार-पाच. तो टकटक सुतारपक्षी नाही, फांदीवरचा बर्फ सुटतोय. रस्त्यावरून डॅरल गेला, सायलेन्सर फुटलाय त्याचा.

साडेतीनला तिनं माझं कोपर दाबलं.

"तुझ्या मागं. दोन."

मला काही ऐकू येत नव्हतं.

"नाही, तीन आहेत. दोघी हलक्या चालतायत. तिसरी जड आहे, मागं राहिलीये. वळू नकोस अजून. पहिल्या दोघींना पुढं जाऊ दे."

दोन लहान माद्या माझ्या डाव्या हाताला उतारावर दिसल्या आणि पुढं गेल्या. मी श्वास धरून होतो. मावशीचं बोट माझ्या बाहीवर होतं, हलत नव्हतं.

"आता वळ."

वळलो. तिसरी मोठी मादी, अठरा पावलांवर, आडवी उभी. मी धनुष्य ओढलं. झोळीनं आणि दोरानं मला असं धरलं होतं की दोन्ही हात मोकळे आहेत, हे जाणवलंसुद्धा नाही. बाण सोडला. ती पन्नास पावलं धावली आणि पडली, आणि मला ते दिसायच्या आधी मावशी म्हणाली, "पडली. मोठ्या मेपलच्या अलीकडं." तिथंच होती.

 ऊन धारेवरून खाली सरकत होतं. तिनं विचारलं, कसं दिसतंय. मी सांगितलं: बर्फावर निळी सावली, ओढ्याकडून धूर, कुणाच्या तरी शेकोटीचा. मला वर्णन करता येत नाही. तिनं मध्ये तोडलं नाही.

उतरताना ती पहिली उतरली. मी वरून पायऱ्या सांगत होतो, डावा, आता उजवा, अजून एक. तिनं दोनदा मला गप्प बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्वतःच गप्प बसलो, आणि ती एकही पायरी न चुकता खाली गेली.